बिब्ब्याचे वळ

नवऱ्याच्या पाठीवर काठीचे वळ उमटवायचे होते आणि काठी वापरायची नव्हती.

"दोन खांद्यावून खाली येऊ दे," गुणवंतराव खाटेवर पालथे पडून सांगत होते, शिंप्याला माप द्यावं तसं. "बाकीचे मधात. अन् एक दंडावर काढ. पाठ काही चारचौघायले उघडून दाखवता येत नाई, दंड दाखवता येते."

"उतलं म्हणजे लय तरास होते," मी म्हटलं.

"मारानं तरास होतच असते. तू काढ."

दार आतून लावलं होतं. भरदिवसा चिमणी पेटवून मी दाभणाला टोचलेला बिब्बा ज्योतीवर धरला होता. बिब्बा तापला की त्यातून काळं तेल फुटतं. ते वाटीत धरलं, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची काडी त्यात बुडवली आणि नवऱ्याच्या गोऱ्यापान पाठीवर पहिली रेघ ओढली. माझे हात मी आधीच कोपरापर्यंत तिळाच्या तेलानं माखून घेतले होते.

बिब्बा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे काजूच्याच भावकीतलं फळ. आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात, आणि बाहेरच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर अंग उततं. लाल होतं, सुजतं, फोड येतात आणि खाज अशी सुटते की शहाणा माणूस खांबाला पाठ घासतो. माझ्या माहेरी बिब्बे फोडून गोडंबी काढायचा धंदा होता. आईची बोटं मी काळ्या रंगाशिवाय कधी पाहिली नाहीत. लग्नात सासरच्यांनी 'बिब्बेफोड्याची पोर' म्हणून नाकं मुरडली होती. आता त्याच माहेरच्या विद्येसाठी माझा नवरा माझ्यापुढे उघडा पडला होता.

आमच्या भागात ही जुनी युक्ती. ज्याला फिर्याद करायची आहे पण कुणी मारलेलंच नाही, तो बिब्ब्याला शरण जायचा. उतलेली रेघ लांबून काठीच्या वळासारखीच दिसते. त्यात डॉक्टर नवखा असला, की काम फत्ते.

गुणवंतरावांना मार बसला नव्हता, ते पडले होते. आदल्या दिवशी त्यांनी शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे हद्दीचे दगड पलीकडे सरकवायला घेतले. पलीकडचं शेत त्यांच्या चुलतभावाचं. तो वारला होता, म्हणजे हरकत घ्यायला कोणी नाही असा यांचा हिशोब. पण त्याचा मुलगा जानराव नेमका हरभऱ्याला पाणी देत होता. तो धावत आला, म्हणाला, "काका, दगड ठेवा." काका मागं सरले, पाय घसरला आणि पाण्याच्या पाटात उताणे पडले. पागोटं वाहत खाली गेलं. कापूस वेचायला आलेल्या बाया हसल्या. माझा नवरा सोसायटीचा चेअरमन, गावच्या प्रत्येक भांडणात पंच. त्यांना पाटातला चिखल सोसला असता, बायांचं हसणं सोसवलं नाही.

जानरावला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली होती. ऑर्डर आलेली, फक्त पोलिसांकडून वागणुकीचा दाखला जायचा बाकी. काठीनं मारल्याची फिर्याद नोंदली गेली की दाखला गेलाच, आणि दाखल्यामागं नोकरी. हे गुणवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर काठी पाहिजे होती.

"त्याची नोकरी जाईन," मी काडी हातात धरून म्हटलं.

"मंग मी काय इथं आंग रंगवून घेऊन रायलो काय, सणासाठी?"

मी पुढची रेघ ओढली. नाही म्हणायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

रेघा काढून झाल्या तसे ते उठले आणि सदरा मागू लागले. दवाखान्यात जायची घाई.

"आज काही नाई दिसणार," मी म्हटलं. "पित्त उठलं तं घडीभरात येते अन् घडीभरात जाते. बिब्बा तसा नाई. आज लागला तं उद्या उतते. माय म्हणे, बिब्बा याद ठेवते."

"तुही माय डाक्तर होती काय? गप रायजो."

गप राहण्यात मी तोवर चांगली तयार झाले होते. पदर डोक्यावर घेतला आणि गाडीत मागं बसले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर सामंत म्हणून एक पोरगेलासा माणूस नुकताच आला होता. तिकडचा, कोकणातला. आमची बोली त्याला निम्मी कळायची, आणि न कळलेल्या निम्म्यावर तो मान डोलवायचा. बाकावर पोलीस ठाण्याचे तायडे जमादार पाय पसरून बसले होते. रात्रीच त्यांच्या घरी आमच्याकडून गोडंबीचे लाडू पोचले होते, त्यामुळं तोंड गोड होतं.

गुणवंतराव कण्हत कण्हत आत गेले, पाठ उघडी केली आणि म्हणाले, "पाहा साहेब, काय केलं पोरानं."

डॉक्टर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग कापसाचा बोळा औषधात भिजवून एका रेघेवरून फिरवला. बोळा तपकिरी झाला.

"पुसला जाणारा वळ मी पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले.

"काठीले डांबर लागलं असन," गुणवंतराव म्हणाले.

"सूज नाही. दाबलं तर दुखतं का?"

"लय!"

"अजून मी दाबलेलं नाही."

जमादार खोकले. डॉक्टर हात धुऊन आले. "आज काही लिहिता येणार नाही. उद्या या. मार असेल तर उद्या नीट दिसेल. दुसरं काही असेल तर तेही दिसेल."

परत येताना गाडीत गुणवंतराव डॉक्टरला शिव्या देत होते आणि मधूनमधून मलाही. मी तेल कमी लावलं, माझ्या माहेरचे बिब्बे पोचट, माझा हात जड नाही. घरी पोचल्यावर सदरा भिरकावला आणि पुन्हा पालथे पडले.

"आता बोटभर रुंद काढ. दुसरा हात मार."

"आधीचंच उतन उद्या. दुसरं लावलं तं सोसवणार नाई तुमाले."

"वच्छले!"

त्यांनी माझं नाव अशा सुरात घेतलं की मी पुढचं बोलणं गिळलं. चिमणी पेटवली. या वेळी मोठे, रसाळ बिब्बे निवडले. सांगितल्याप्रमाणं बोटभर रुंद काढले, दंडावरचा तर दोन बोटं. नवऱ्याची आज्ञा मोडायची नाही, असं मला सासूबाईंनी उंबऱ्यातच सांगितलं होतं.

संध्याकाळी गाव जमलं. चेअरमनला पोरानं काठीनं मारलं म्हटल्यावर कोण घरी बसेल? गुणवंतराव लोडाला न टेकता बसले आणि दंड दाखवू लागले. दंडावरची रेघ दाखवताना ते तिच्यावरून बोट फिरवायचे, आणि मग भावकीनं पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या मुलानं कसा हात उचलला हे सांगताना त्याच बोटांनी डोळे पुसायचे. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण पुसायचे मनापासून. प्रत्येक नवीन पाहुण्याला दंड, मग बोट, मग डोळे. मधे एकदा लघवीला परसात जाऊन आले. मी चहा देता देता ते सगळं पाहत होते आणि मला आईची आठवण येत होती. बिब्बे फोडताना आई आम्हा पोरांच्या हातावर छडी मारायची, म्हणायची, हात डोळ्याले लावाल तं याद राखा.

त्यांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण त्यांनी मला गप राहायला सांगितलं होतं.

रात्रीच्या स्वयंपाकाला भरली वांगी होती. वांगं म्हणजे गुणवंतरावांचा जीव. वऱ्हाडात कोणाचा नसतो म्हणा, पण यांचं प्रेम जरा जास्तच. पंगतीत वांग्याच्या भाजीची बादली कुठवर आली हे ते वास घेऊन सांगत. त्या रात्री मार खाल्लेल्या माणसानं पाच वांगी खाल्ली.

मी परसात भांडी घासत होते तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली. गिरजाबाई, जानरावची आई, माझी चुलतजाऊ. आमची भिंत एकच. या घरात जोरात बोललेलं त्या घरात ऐकू जायचं, आणि इकडून कधी आवाज वाढला तर थोड्या वेळानं ती हळद कालवून घेऊन मागच्या दारानं यायची. विचारायची काही नाही. बसायची, आणि जायची.

"वच्छले, त्यानं हात नाई लावला व त्यायले," ती म्हणाली. "मायी आण घेऊन सांगते तो."

"मले मालूम हाये."

"मंग सांग न व तू. तुह्या तोंडानं सांगशीन तं ऐकतीन."

मी राखेचा चोथा तव्यावर घासत राहिले.

"म्या कधी काही मांगतलं काय तुले?" तिनं विचारलं.

"नाई."

भिंतीपलीकडं तिच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि दार लागलं. मला स्वतःचाच राग आला. मी ज्याच्या पाठीवर रेघा ओढत होते त्याला भीत होते, आणि जिनं माझ्यासाठी भिंत ओलांडली तिला उत्तर देऊ शकत नव्हते.

बिब्ब्यानं मात्र शब्द पाळला. पहाटेच गुणवंतरावांच्या ओरडण्यानं मी उठले.

"वच्छले, मले दिसत नाई!"

दिसणार कसं? दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, नुसत्या फटी राहिल्या होत्या. गाल फुगलेले. पाठ पाहिली आणि माझ्याही अंगावर काटा आला. जिथं जिथं रेघ होती तिथं तिथं लालभडक उंचवटा, आणि उंचवट्यावर पाण्यानं भरलेले फोड, ओळीनं बसवल्यासारखे. दंड तर मांडीएवढा झाला होता. ते उभ्या उभ्या दाराच्या चौकटीला पाठ घासत होते. आणि आणखी एका ठिकाणी सूज होती, जिथं जानरावच काय, कुठल्याच सभ्य माणसाची काठी पोचली नसती. धोतर नेसवत नव्हतं. कमरेला पातळाचं जुनं फडकं सैल गुंडाळून त्यांना गाडीत पालथं घातलं.

रस्ताभर ते एकच म्हणत होते, "आता लिहिते का नाई तो डाक्तर, पाहतोच." दिसत नव्हतं तरी पाहणार होते.

दवाखान्याच्या अंगणात कडुलिंबाखाली जानराव बसला होता. जमादारानं त्याला बोलावून ठेवलं होतं. ऑर्डरचा लिफाफा त्यानं सदऱ्याच्या आत छातीशी धरला होता, जणू तो दाखवला की सगळं मिटेल. गिरजाबाई आतल्या दाराच्या चौकटीशी उभी होती. मला पाहून तिनं नजर काढून घेतली.

डॉक्टरांनी या वेळी चष्मा वरखाली केला नाही. खुर्ची ओढून पाठीशी बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. गुणवंतराव पाठ खाजवायला हात मागं नेत होते आणि डॉक्टर तो हात धरून खाली ठेवत होते.

"आता दिसते न साहेब?" गुणवंतराव म्हणाले.

"दिसतं. फार छान दिसतं." डॉक्टर जमादाराकडं वळले. "हे बघा. माणसाला काठी बसली की कातडीखाली रक्त सांडतं. ते दुखतं. त्यावर असे पाण्याचे फोड येत नाहीत."

"मंग पित्त असन काय?" जमादारानं विचारलं.

"पित्ताच्या गांधी वेगळ्या. त्या क्षणात उठतात, इकडून तिकडं सरकतात, संध्याकाळपर्यंत माणूस होता तसा होतो. हा तिसरा प्रकार. काहीतरी अंगाला लागतं. अंग त्या वेळी काही बोलत नाही, पण ओळखून ठेवतं. मग एखाद्या दिवसानं उसळतं, जिथं लागलं नेमकं तिथं. आमच्याकडं काजूच्या टरफलाचं तेल लागलं की असंच होतं. माझी आत्या काजू सोलायला बसली की आठ दिवस तोंड लपवून फिरायची. तुमच्याकडं काजू नाही. तुमच्याकडं काय आहे ते तुम्हीच सांगा."

जमादारानं छताकडं पाहिलं. त्या तालुक्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती, पण लाडूही खाल्ले होते. "साहेब, मले एवढं सांगा, काठी हाये का नाई? बाकीचं मले ल्याहाले जागा नाई."

"काठी!" गुणवंतराव ओरडले. "काठीच हाये. जानरावची!"

"डोळ्यांवरही काठी मारली?"

"मारली."

"आणि..." डॉक्टरांनी कमरेच्या फडक्याकडं पाहिलं. "तिथंही?"

जमादार भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं चित्र बारकाईनं बघू लागले.

"खाज किती आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मरणाची."

"काठीचे वळ खाजत नाहीत हो, गुणवंतराव."

"काहून नाई खाजत? मार लागला की खाजतेच! लोकायले विचारा."

"नाई खाजत," मी म्हटलं.

मी कोपऱ्यात उभी होते. खोलीत मीही आहे हे तोवर कोणाच्या ध्यानात नसावं. माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि निघाल्यावर मलाच ऐकू आलं.

गुणवंतरावांनी सुजलेलं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. "तुले काय मालूम?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मी कदाचित पुढं काही बोलले नसते. आजही मला तसंच वाटतं. पण त्यांनी विचारला, जमादारासमोर, डॉक्टरसमोर, आणि दारात गिरजाबाई उभी असताना. खरंच विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि त्यांना खरोखर वाटत होतं की मला काय मालूम असणार.

"मले नाई मालूम तं कोणाले मालूम?" मी म्हटलं.

दारात गिरजाबाईनं तोंडाला पदर लावला.

"पयल्या दिवशी लाल रायते," मी डॉक्टरांकडं बघून सांगू लागले. "मंग निळं होते. मंग हिरवं, मंग पिवळं, अन् मंग जाते. ठणकते, पण खाजत नाई. कूस पालटता येत नाई. पाण्याची घागर उचलली तं डोळ्यापुढं अंधारी येते. अन् ते वळ कोणाले दाखवाले न्या लागत नाई. झाकाच लागते. हळद लावली तं बरं वाटते. ह्या गिरजाबाईले विचारा, तिचे हात पिवळे होऊन गेले लावू लावू."

डॉक्टरांनी लेखणी टेबलावर ठेवली. जमादारांची नजर जमिनीवर गेली.

"वच्छले, घरी चाल," गुणवंतराव म्हणाले. पण आंधळा माणूस कोणाला घरी नेणार?

"पाठीच्या मधोमध माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "हे दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे. ते विचारणं भाग आहे मला."

"मायं," मी म्हटलं. "हे वळ म्या काढले."

"वैनी!" जमादार उठलेच.

"कायनं काढले ते यायलेच विचारा. बिब्ब्यानं म्हणतीन तं बिब्ब्यानं, काठीनं म्हणतीन तं काठीनं. माह्यं काही म्हणणं नाई. पण जानरावनं नाई काढले, म्या काढले. ल्याहा जमादार, वच्छला गुणवंतराव खोडके."

भीती गेली नव्हती, पण भीतीसोबत काहीतरी वेगळंही वर आलं होतं. गेली कित्येक वर्षं मी काहीच बोलले नव्हते, आणि सगळं जिथल्या तिथं ठेवलं होतं.

जमादारानं कागद पुढं ओढला. त्यांचा धर्मसंकटातला चेहरा मी विसरणार नाही. "गुणवंतराव, मंग काय ल्याहू? काठी ल्याहू तं वैनीनं मारलं असं होते. चेअरमनले घरच्या बाईनं काठीनं मारलं, आंगभर. बिब्बा ल्याहू तं खोटी फिर्याद, म्हणजे तुमच्यावरच कलम. तुमी म्हणान ते ल्याहतो."

गुणवंतराव विचार करत होते. ते सुजलेल्या डोळ्यांआड कुठंतरी दिसत होतं. एकीकडं बायकोचा मार, दुसरीकडं पोलीस. बाहेर लिंबाखाली अर्धं गाव जमलेलं. पाटाकाठच्या बायांचं हसणं ज्याला सोसलं नाही त्याला आता यांतलं एक निवडायचं होतं.

"पित्त," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"पित्त उठलं असन. फिर्याद नाई माही. पोरगा लहान हाये, चुकते एखांद्या वेळी."

जमादारानं सुटकेचा श्वास टाकला. "पित्तच! मले वाटलंच होतं. काय खाल्लं होतं राती?"

"वांगं," गुणवंतराव म्हणाले.

डॉक्टर सामंतांनी लेखणी उचलली. आमची बोली त्यांना निम्मीच कळायची, पण त्या दिवशी सगळी कळली होती. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, दाराबाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं. "वांग्यानं अंगाला इतका अपाय होत असेल तर ते पुन्हा खाणं जिवावर बेतेल. वांगं कायमचं बंद. भरलेलं, भाजलेलं, रश्श्यातलं, कसलंही."

"कायमचं?" गुणवंतरावांनी विचारलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज खरा वाटला.

"कायमचं. नाहीतर पित्त नव्हतं असं म्हणावं लागेल."

डोळे उघडायला चार-पाच दिवस लागले. मी सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावत होते, डॉक्टरांचं मलम लावत होते, पंख्यानं वारा घालत होते. त्यांनी एक शब्द काढला नाही, मीही नाही. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि पाठीवर काळसर रेघा तेवढ्या राहिल्या, मी ओढल्या तशाच सरळ. त्यानंतर त्यांनी कधी हात उचलला नाही असं सांगायला मला आवडलं असतं. एकदा उचलला. मी मागं सरले नाही. कोनाड्यात बिब्ब्यांची पुरचुंडी होती, तिच्याकडं नुसतं पाहिलं. हात तसाच खाली आला आणि त्यांनी त्या हातानं टोपी नीट केली.

जानरावचा दाखला गेला. तो कंडक्टर झाला. खाकी कपड्यात पहिल्यांदा घरी आला तेव्हा गिरजाबाईनं मारोतीला बोललेला रोडग्यांचा नवस फेडायचा ठरवला. सगळ्या गावाला आवतण. शेतातच, त्याच धुऱ्यापलीकडं, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजले, वरण शिजलं, आणि रोडगे म्हटलं की वांग्याची भाजी आलीच. मोठ्या गंजात काटेरी वांगी तर्री धरून उकळत होती. वास वाऱ्यावर आमच्या घरापर्यंत आला होता.

चुलतपुतण्याचा नवस, न जाऊन भागणार नव्हतं. गुणवंतराव पुरुषांच्या पंगतीत बसले, अगदी मधोमध, चेअरमन म्हणून. समोर बायांची पंगत, तिच्यात मी. रोडगा कुस्करला, त्यावर वरण, वरणावर तूप. मग जानराव स्वतः भाजीची बादली घेऊन पंगतीत आला. गुणवंतरावांच्या पत्रावळीपुढं थांबला. पळी बादलीत बुडवली आणि वर धरली. एक अख्खं वांगं, देठासकट, तर्री गळत होती.

"काका, वांगं वाढू?"

पोरानं खोडी काढली की नेहमीच्या आदरानं विचारलं, मला आजही सांगता येणार नाही. पण पंगत बोलायची थांबली. रोडगे कुस्करणारे हात थांबले. कापूस वेचणाऱ्या बाया माझ्याच रांगेत होत्या, त्यांनी माना पुढं काढल्या. पित्ताची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि बिब्ब्याची त्याहून जास्त. वांगं घेतलं तर बिब्बा कबूल, नाकारलं तर वांगं जन्माचं गेलं.

गुणवंतरावांनी त्या वांग्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पत्रावळीवर आडवा हात धरला.

"नको," ते म्हणाले. "मले चालत नाई."

जानराव बादली घेऊन बायांच्या पंगतीकडं वळला आणि माझ्यासमोर वाकला. "काकू, तुमाले?"

"वाढ," मी म्हटलं. "त्यायच्या वाटचंही मलेच वाढ."